मैदानावरील हजेरी

सेवानिवृत्त माणसाने एखादा छंद धरावा असे सर्वच सांगतात. परंतु तो आपल्याच घरातल्या माणसाने धरावा असे मात्र कोणास फारसे वाटत नाही. गेल्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या पुण्याच्या पुतण्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना, त्याच्या लांब लेन्ससकट, आमच्या स्वाधीन केला, तेव्हा घरातील मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. "भाऊजी, आता आम्हांला सकाळी वेण्या घालतानासुद्धा दार लावून बसावे लागेल!" असे वहिनी म्हणाल्याच. त्यांची भीती अनाठायी होती. आमची दृष्टी आरंभापासून घराबाहेर, मैदानाकडे होती. कारण आमचा धाकटा नातू फुटबॉल खेळू लागला होता आणि त्याचे खेळ कागदावर उतरावेत, एवढीच आमची इच्छा होती.

नीरेहून बारामतीस जाणाऱ्या रस्त्यावर आमचे वडगाव निंबाळकर वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डाव्या कालव्याचे पाणी या टापूत आले, तेव्हापासून येथील शेते हळूहळू उसाची झाली आणि आता हिवाळ्यात गावाबाहेर पडावे तर दोहों बाजूंस उसाच्याच भिंती लागतात. अशा गावात कबड्डी आणि क्रिकेट यांचेच राज्य असणार हे उघड आहे. परंतु फुटबॉलची एक सोय आहे. एक चेंडू असला की बावीस मुलांचे भागते. बॅट कोणाची आणि पहिला डाव कोणाचा, हा तंटा राहत नाही. म्हणून चार-सहा वर्षांपासून आमच्या मैदानावर, पूर्वेस व पश्चिमेस बांबूचे गोल उभारून आणि फक्कीने रेषा आखून, संध्याकाळी हा खेळ रंगू लागला आहे.

आमचा पहिला दिवस आम्हांस चांगला आठवतो. तासाभरात आम्ही तीनशेच्या वर फोटो काढले आणि रात्री जेवणे झाल्यावर सर्व मंडळींस ते मोठ्या पडद्यावर दाखविले. प्रथम सर्वांनी कौतुकाने पाहिले. मग हळूहळू हसू फुटू लागले. कारण ज्याच्या त्याच्या पाठीच दिसत होत्या! चेंडू जिकडे जाई तिकडे आम्ही बाजूच्या रेषेवरून धावत होतो, आणि मुले आमच्याहून जलद धावत असल्यामुळे आम्ही नेहमी त्यांच्या मागेच राहत होतो. ज्या थोड्या फोटोंत तोंडे होती, त्यांत ती पुसट होती. आणि जो एकच फोटो स्वच्छ आला होता तो मैदानाकडेच्या मोटारसायकलींचा होता. "आजोबा, मी यात कुठे आहे?" असे नातवाने विचारले. आम्ही त्यास एक धुरकट पट्टा बोटाने दाखविला. तो बिचारा काही बोलला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्याने आमच्याजवळ कॅमेऱ्याचा विषय काढला नाही, यावरून आम्ही काय ते समजलो.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. गणित आणि संस्कृत हे दोनच विषय आयुष्यभर शिकविले. तेव्हा तोंडे पुसट का येतात हे प्रथम गणितानेच सोडवू, असे ठरविले. कॅमेऱ्याने त्या दिवशी आपल्या बुद्धीने शटरची वेळ सेकंदाचा साठावा भाग एवढी धरली होती. जोराने मारलेला चेंडू ताशी ७२ किलोमीटर वेगाने जातो असे धरले, तर तो सेकंदास २० मीटर जाईल. म्हणजे साठाव्या भागात ३३ सेंटिमीटर! चेंडूचा व्यासच मुळी सुमारे २२ सेंटिमीटर. अर्थात शटर उघडून मिटेपर्यंत चेंडू आपली जागा पुरती सोडून दीडपट पुढे गेलेला असतो. मग त्याचा पट्टा न व्हावा तर काय व्हावे? तेच शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले, तर चेंडू दोनच सेंटिमीटर सरकतो आणि सेकंदास सहा मीटर धावणारा मुलगा अवघा सहा मिलिमीटर. तेव्हा शटरची वेळ आपण ठरवावी, हजारावा भाग धरावा आणि उजेड कमी पडू लागला की आयएसओचा आकडा वाढवावा. फोटोवर थोडी रवाळ झाक येते, ती येऊ द्यावी. कारण रवाळ पण रेखीव तोंड आई ओळखते, पुसट तोंड ती ओळखत नाही.

या हिशेबाच्या नादात आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. १८३८ साली पॅरिसमध्ये दाग्येर नावाच्या गृहस्थाने आपल्या खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. त्या काळी एका चित्रास कित्येक मिनिटे लागत. त्यामुळे रस्त्यावरून गेलेल्या गाड्या, घोडे, माणसे यांपैकी कोणीही त्यात उमटले नाही. सारा रस्ता ओस दिसतो. बूट पुसून घेण्यासाठी एक मनुष्य एका जागी उभा राहिला होता, तेवढा मात्र त्यात राहिला. जो थांबला तो उरला आणि जे पळाले ते नाहीसे झाले. ही गोष्ट आम्ही नातवास मोठ्या रसाने सांगितली. तिचा उलटा प्रत्यय आम्हांस पुढे यावयाचा होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

गणिताने अर्धे काम झाले. उरलेले अर्धे कोल्हापुरात झाले. आमची कन्या तेथे दिली आहे. जानेवारीत तिच्याकडे गेलो असता जावईबापूंनी आम्हांस शाहू स्टेडियमवर नेले. महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड पाहावयाचे तर कोल्हापुरातच पाहावे. कुस्तीच्या तालमींच्या नावाने तेथे फुटबॉलचे संघ आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावे तेथील लहान मुलासही पाठ असतात. एक पेठ एका संघाची, दुसरी दुसऱ्याची. आणि सामन्याच्या दिवशी घरच्या जेवणाची वेळही सामन्यावरून ठरते. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात भरली, तेव्हा आपल्या देशाच्या संघात याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. परदेशी खेळाडू तेथे आता येतात हे खरे. तथापि दिवसा आपला कामधंदा करून संध्याकाळी पेठेसाठी धावणारी मुले, हाच त्या खेळाचा कणा आहे.

तेथे आमचे लक्ष खेळाइतकेच गोलाच्या मागील रेषेवर बसलेल्या वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांकडे होते. त्यांपैकी एक प्रौढ गृहस्थ जावईबापूंच्या ओळखीचे निघाले. सामना संपल्यावर चहा घेता घेता आम्ही त्यांच्यापुढे आपले दुखणे मांडले. ते हसले आणि म्हणाले, "गुरुजी, चेंडूच्या मागनं धावू नका. चेंडू जिथं येणार, तिथं आधीच जाऊन बसा." मग त्यांनी जे सांगितले त्याचा सारांश असा. कोपऱ्याचा झेंडा आणि गोलाचा खांब यांच्या मधोमध, रेषेपासून थोडे मागे बसावे, म्हणजे चढाई करणारे खेळाडू आपल्याकडे तोंड करून येतात. मावळता सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा. उभे न राहता जमिनीलगत बसावे. त्यामुळे मुलगा आभाळापुढे उंच दिसतो आणि मागची गर्दी व वाहने खाली दबतात. फोटोत चेंडू आणि निदान दोन तोंडे असावीत. बटण अर्धे दाबून धावत्या मुलावर फोकस धरून ठेवावा आणि नेमक्या क्षणी तीन-चार फोटोंची एक झड घ्यावी. सबंध खेळभर झड लावून बसू नये. आणि काढलेला फोटो लगेच मागच्या पडद्यावर पाहू नये, कारण मान खाली घालून तो पाहत असतानाच पुढे गोल होतो!

त्या रात्री आम्हांस शाकुंतलाचा पहिला अंक आठवला. दुष्यंताच्या रथापुढे पळणारे हरिण कालिदासाने वर्णिले आहे. मान वळवून मागे पाहणारे, बाणाच्या भयाने पाठचे अंग पुढे ओढून घेतलेले, धापा टाकल्यामुळे अर्धवट चावलेले दर्भ तोंडातून गळत असलेले, आणि जमिनीवर थोडे व आकाशातच अधिक चालणारे असे ते हरिण आहे. हा श्लोक आम्ही कित्येक वर्षे वर्गात शिकविला. परंतु त्यात फोटो कसा काढावा हे सांगितले आहे, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. घोड्याचे चारही पाय धावताना एकाच वेळी उचललेले असतात, हे अमेरिकेत मायब्रिज याने १८७८ साली कॅमेऱ्यांची रांग लावून सिद्ध केले. कालिदासाजवळ कॅमेरा नव्हता. परंतु कोणता क्षण धरावा हे त्यास पक्के ठाऊक होते. मुलाचे दोन्ही पाय जमीन सोडतात तो क्षण, चेंडू डोक्यास लागण्याच्या किंचित आधीचा क्षण, आणि मागून कोणी येते की काय म्हणून मान वळते तो क्षण, एवढे तीन आम्ही त्या रात्री वहीत टिपून ठेवले.

गावी परतल्यावर आमचा भाव वधारला. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जमिनीवर बसणे होईना, म्हणून आम्ही घरातील जुना पाट व एक गोणपाट मैदानावर नेऊ लागलो. सूर्य पाठीशी हवा, म्हणून पश्चिमेच्या गोलाशेजारी आमची बैठक ठरली. तेथे बसले की चढाई करणाऱ्या मुलांच्या तोंडांवर सोनेरी ऊन पडे. फोटो खरोखरच चांगले येऊ लागले. निवडक फोटो बारामतीहून छापून आणून आम्ही मुलांस वाटू लागलो. दोन्ही संघांचा एकेक समूहफोटोही काढला. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो त्याच्या पालकांस विचारल्यावाचून चारचौघांत फिरवू नये, एवढे पथ्य मात्र पाळले. घरोघरी आमच्या फोटोंची वाखाणणी होऊ लागली आणि आम्हांसही, खोटे का बोला, थोडासा ताठा आला.

मार्च महिन्यात एके संध्याकाळी एक बाई आमच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. सोमेश्वरनगरचा साखर कारखाना आमच्यापासून जवळ आहे; त्यामुळे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बीडकडची कुटुंबे या भागात येतात, शेताकडेला कोप्या घालून राहतात आणि हंगाम संपला की परततात. ही बाई त्यांपैकीच एक होती. डोक्यावरचा पदर सावरून ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही समद्या पोरांचं फोटू काढलं म्हनं. आमच्या लेकराचा एखादा हाय का? परवा पट्टा पडतोय. गावाकडं त्याच्या आजीला दाखवावा म्हनलं."

तिचा मुलगा कोणता, हे आम्हांस विचारावे लागले. नातवाने सांगितले, "आजोबा, तो नाही का, पूर्वेच्या गोलात उभा राहणारा!"

त्या मुलाची हकीकत अशी. आमच्या मैदानाच्या पूर्वेकडील गोलात उभे राहिले की मावळता सूर्य थेट डोळ्यांत येतो. म्हणून तेथे गोलरक्षण करण्यास कोणीच तयार नसे. हा बारा-तेरा वर्षांचा मुलगा नोव्हेंबरात प्रथम कडेला उभा राहून पाहू लागला. तेव्हा आमच्या मुलांनी त्यास तेथे उभे केले. अर्ध्या वेळानंतर संघांनी बाजू बदलल्या तरी तो तेथेच राही. म्हणजे पूर्वार्धात तो एका संघाचा व उत्तरार्धात दुसऱ्याचा. आणि वस्तुतः कोणाचाच नव्हे. त्यामुळे समूहफोटोच्या वेळी त्यास कोणी हाक मारली नाही. आमच्याही ते मनात आले नाही.

"बाई, उद्या या. असेल तर काढून ठेवतो," असे आम्ही म्हणालो आणि रात्री शोधास बसलो. चार महिन्यांचे साडेचार हजारांहून अधिक फोटो साठले होते. आम्ही व नातू मिळून रात्री एकपर्यंत ते पाहत होतो. गोल मारणाऱ्या एका मुलाचे तीनशे निघाले. आमच्या नातवाचे त्याहूनही अधिक. त्या मुलाचा एकही निघाला नाही. पुष्कळ फोटोंच्या मागच्या भागात, दूर, दोन बांबूंच्या मध्ये, नखाएवढा पांढरट ठिपका दिसे; तो मोठा करून पाहावा तर तोंड नाही, डोळे नाहीत, नुसता सदऱ्याचा रंग. दाग्येरच्या चित्रात थांबलेला तेवढा उरला होता. आमच्या चित्रांत जो आपली जागा धरून उभा राहिला, तोच नेमका नाहीसा झाला होता!

आणखी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली, ती अधिक बोचली. मावळतीचे ऊन ज्याच्या तोंडावर रोज समोरून पडत होते, असा मैदानावर तो एकच मुलगा होता. उत्तम प्रकाशासाठी आम्ही जी जागा धरून बसलो होतो, त्याच प्रकाशात तो चार महिने उभा होता. आम्ही पाट उचलून तिकडे गेलो नाही, इतकेच.

पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो असे सांगणाऱ्या अर्जुनाची गोष्ट आम्ही दरवर्षी नव्या वर्गास सांगत आलो. बाण मारावयाचा असेल तर ती दृष्टी योग्यच आहे. परंतु झाडावर दुसरे कोणी बसले आहे काय, असे विचारल्यास अर्जुनास ते सांगता आले नसते. आणि शिक्षकास ते सांगता आले पाहिजे. आम्ही चौतीस वर्षे शिकविले. हुशार मुलांची नावे, गुण, त्यांच्या मुलांची नावेसुद्धा आज तोंडपाठ आहेत. मागल्या बाकांवर मुकाट्याने बसून, वर्षाअखेर मुकाट्याने निघून गेलेल्या मुलांचे चेहरे आठवू लागलो, तर त्या रात्री तेथेही नुसते ठिपकेच दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी ती बाई येण्याआधीच आम्ही मुलांस गोळा करून सांगितले की, आज खेळ झालाच पाहिजे. परीक्षा जवळ आल्यामुळे जेमतेम चौदा जमली. कोपीवर जाऊन आईबापांस विचारले, बाप म्हणाला, "काढा की गुरुजी, इचारायचं काय त्यात!" मग आम्ही पाट पूर्वेच्या बाजूस नेला. गोलरक्षकाचे तोंड गोलाच्या मागून दिसत नाही. म्हणून बाजूच्या रेषेवर, गोलापासून पंधरा-सोळा मीटर पुढे बसलो आणि चेंडू कोठेही जावो, कॅमेरा त्या मुलावरून हलवावयाचा नाही असा निश्चय केला.

तेव्हा कोठे तो खेळ आम्हांस प्रथमच दिसला. चेंडू पलीकडच्या टोकास असताना हा मुलगा स्वस्थ उभा नसे. तो दोन पावले पुढे येई, मागे जाई, बांबूस हात लावून आपली जागा तपासी, आणि कोणीही ऐकत नसताना पुढच्या मुलांस ओरडून सावध करी. पायांत काही नव्हते. अनवाणी पायांची बोटे फक्कीने पांढरी झाली होती. त्याने दोन चेंडू अडविले. एक अडविताना तो आडवा झेपावला, तो फोटो थोडा तिरका आला. परंतु आमच्या मते सर्वांत चांगला फोटो निराळाच आहे. चेंडू दूर आहे, सूर्य समोर आहे, आणि कपाळावर आडवा हात धरून तो खेळाकडे पाहतो आहे. हाताची सावली फक्त डोळ्यांवर पडली आहे. बाकीचे सारे तोंड उन्हात आहे. या फोटोत चेंडू नाही आणि दुसरे तोंडही नाही. म्हणजे कोल्हापूरच्या नियमांत तो कोठेच बसत नाही.

छापील प्रत मात्र त्यांस देता आली नाही. बारामतीची दुकाने उघडण्याच्या आत, पहाटेच त्यांचा ट्रक निघाला. रात्री कोपीवर जाऊन आम्ही नातवाच्या मोबाईलवरून मुकादमाच्या मोबाईलवर तो फोटो पाठविला. आईने काचेवरील चित्र हाताने पुसून पाहिले आणि मुलास जवळ घेऊन म्हणाली, "बघ रं, असा दिसतुस." त्याने एकवार पाहिले आणि आम्हांस विचारले, "गुरुजी, तो दुसरा चेंडू अडवला, तो आलाय का?" आम्ही त्यास तोही दाखविला. तिरका आला म्हणून आम्ही त्याची क्षमा मागितली. त्यास तिरकेपणाचे काहीच वाटले नाही.

दोन्ही फोटो मोठे छापून एका पाकिटात घालून आमच्या कपाटात ठेवले आहेत. येत्या दिवाळीनंतर ते कुटुंब याच भागात येईल की मुकादम त्यांस दुसऱ्या कारखान्यावर नेईल, हे त्यांच्याही हातात नाही. आले तर पाकीट तयार आहे.

कोणी वाचक आपल्या मुलांचे वा गावच्या पोरांचे खेळ कॅमेऱ्यात धरीत असतील, त्यांस आमचे एवढेच सांगणे. शटर, सूर्य आणि बैठक यांविषयी वर लिहिले आहे. तेवढे पाळल्यास फोटो निश्चित सुधारतात. त्याखेरीज आम्ही आता एक वही बाळगतो. मैदानावर पोहोचताच खेळणाऱ्या सर्व मुलांची नावे तीत लिहितो, कडेला बदली म्हणून बसलेल्यांचीही. ज्याचा तोंड दिसणारा एक तरी फोटो झाला त्याच्या नावापुढे खूण करतो. आणि सर्व नावांपुढे खुणा होईपर्यंत पाट गुंडाळीत नाही, म्हणजे उचलीत नाही. अर्धा वेळ पश्चिमेस बसतो, अर्धा पूर्वेस. हजेरी घेण्याची सवय हाताला होतीच. ती मैदानावर न्यावयास मात्र आम्हांस फार उशीर लागला.